मातामृत्यू मोजतात कसे आणि थांबतात कसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सार्वजनिक आरोग्याच्या नोकरीत मातामृत्यूंच्या आढावा बैठकांना मी बरीच वर्षं बसले. पत्रकार, आशाताई, नव्याने रुजू झालेले डॉक्टर आणि लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला माझा इलाज नाही.

मातामृत्यू नेमका कशाला म्हणायचं?

गरोदरपणात, बाळंत होताना किंवा गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत बाई दगावली आणि कारण गरोदरपणाशी किंवा त्यातल्या उपचारांशी जोडलेलं असलं, किंवा आधीचं दुखणं गरोदरपणामुळे बळावलं, तर तो मातामृत्यू. दिवस किती भरले होते, बाळ वाचलं का, मृत्यू घरी झाला की दवाखान्यात की वाटेत जीपमध्ये, याने फरक पडत नाही. गर्भपातानंतरचा मृत्यू यात येतो, गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटून झालेलाही येतो. गरोदर बाई रस्ता ओलांडताना ट्रकखाली आली, तर तो येत नाही.

४२ दिवस म्हणजे सहा आठवडे. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात, तो जवळपास तेवढाच. त्या सव्वा महिन्यात विटाळाच्या नावाखाली बाईला कोपऱ्यात बसवलं जायचं हे खरं, पण मूल झालं म्हणजे धोका टळला नाही, एवढं जुन्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. आज आपणच ते विसरतो. स्मिता पाटील यांना २८ नोव्हेंबर १९८६ ला मुलगा झाला आणि १३ डिसेंबरला बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीत त्या गेल्या. मधे पंधरा दिवस. वय ३१, शहर मुंबई.

आणि ४३ व्या दिवशी गेली तर?

४२ दिवसांनंतर पण वर्षाच्या आत झालेल्या मृत्यूला उशिराचा मातामृत्यू म्हणतात आणि तो वेगळा नोंदतात. बाळंतपणानंतर हृदयाचे स्नायू थकत जाणाऱ्या बायका बऱ्याचदा या रकान्यात सापडतात. आत्महत्येचा प्रश्नही हमखास येतो. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर झालेली आत्महत्या थेट मातामृत्यूत धरावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या वर्गीकरणात स्पष्ट केलं. त्याआधी ती बहुतेक ठिकाणी 'अपघाती' खात्यात जमा व्हायची.

एमएमआर म्हणजे टक्केवारी का?

नाही. एक लाख जिवंत जन्मांमागे किती मातामृत्यू, ते हे गुणोत्तर. ८० म्हणजे लाखभर बाळं जन्मली तेवढ्यात ८० आया गेल्या. एका बाळंतपणाचा धोका यातून कळतो. पण जिथे बाईला सहा-सात बाळंतपणं होतात तिथे ती हा धोका सहा-सात वेळा पत्करते. म्हणून आयुष्यभराची जोखीम वेगळी काढतात: गरीब देशांत आज १५ वर्षांच्या असलेल्या दर ६६ मुलींमागे एक पुढे अशा कारणाने मरेल, श्रीमंत देशांत ७,९३३ मुलींमागे एक.

जगात वर्षाला किती बायका जातात?

२०२३ साली सुमारे २ लाख ६० हजार. दिवसाला सातशेहून जास्त, दर दोन मिनिटांना एक. एमएमआर १९७. सन २००० मध्ये तो ३२८ होता, म्हणजे ४० टक्के घट झाली. बहुतेक घट २०१६ पूर्वीची आहे, नंतर गाडी रेंगाळली. २०२१ मध्ये कोविडने तर आकडा उलटा फिरवला आणि त्या एका वर्षात ३ लाख २२ हजार मृत्यू झाले.

यातले ७० टक्के मृत्यू सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत होतात. एकट्या नायजेरियात ७५ हजार, तिथला एमएमआर ९९३. भारतात सुमारे १९ हजार, काँगो लोकशाही प्रजासत्ताकातही तेवढेच, पण आपल्याकडे जन्म तिथल्या पाचपट आहेत. त्यामुळे 'भारत जगात दुसरा' असा मथळा दिसला की जरा थांबून भाजक बघावा.

हे आकडे मोजलेले असतात की अंदाजाने सांगतात?

दोन्ही. प्रश्न रास्त आहे.

खरं मोजायचं तर प्रत्येक मृत्यूची नोंद हवी, त्यावर डॉक्टरने लिहिलेलं कारण हवं आणि ते बरोबर हवं. पहिल्या दोन गोष्टी निम्म्या जगात नाहीत. तिसरी तर नोंदणी उत्तम असलेल्या देशांतही कच्ची असते. समजा, बाळंतपणानंतर रक्त वाहून बाईच्या किडन्या बंद पडल्या, तिला अतिदक्षता विभागात हलवलं आणि ती नवव्या दिवशी गेली. दाखल्यावर येतं 'किडनी निकामी'. त्याहून वाईट म्हणजे 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने', जे मरणाऱ्या प्रत्येक माणसाबद्दल खरं असतं. बाळंतपण कागदावरून पुसलं गेलं. अशी गळती ठाऊक असल्यामुळेच, ज्या देशांनी वेगळी पडताळणी केलेली नसते त्यांच्या नोंदींतल्या आकड्याला जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षं सरसकट दीडने गुणत असे.

जिथे नोंदच नाही तिथे सर्वेक्षणं, जनगणना आणि नमुना नोंदणी यांतून मिळेल ते गोळा करतात. मग देशाचं उत्पन्न, जननदर आणि प्रशिक्षित हातांनी होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण धरून संख्याशास्त्रीय प्रारूपाने आकडा काढतात. म्हणून नीट छापलेल्या आकड्यापुढे पट्टाही असतो: १९७, पण १७४ ते २३४ यांच्यात कुठेही. बातमीत पट्टा गळतो आणि १९७ उरतो.

भारताची गोष्ट थोडी बरी आहे. आपली नमुना नोंदणी योजना १९६९-७० पासून देशभर चालते. ठरावीक गावं आणि शहरी गट, मिळून सुमारे ८० लाख लोकसंख्या, आणि तिथल्या प्रत्येक जन्ममृत्यूचा माग. एवढ्या नमुन्यातही वर्षाला मातामृत्यू इतके थोडे सापडतात की तीन वर्षं एकत्र करावी लागतात. '२०१८-२० चा एमएमआर ९७' असं जोडवर्ष त्यामुळेच येतं.

बहिणींना विचारून मोजतात म्हणे?

हो, आणि मला ही पद्धत फार आवडते. १९८९ मध्ये वेंडी ग्रॅहम, विल्यम ब्रास आणि रॉबर्ट स्नो यांनी ती मांडली, गांबियात तपासून पाहिली. मातामृत्यू तसा विरळा. घरोघर 'तुमच्याकडे कोणी गेलं का' विचारत हिंडलं तर हजारो घरांत एखादा सापडेल. त्याऐवजी प्रत्येक प्रौढ व्यक्तीला विचारायचं: एका आईच्या पोटच्या तुम्हाला बहिणी किती, मोठ्या झाल्या किती, त्यांतल्या गेल्या किती, आणि त्यांपैकी गरोदर असताना, बाळंत होताना किंवा नंतरच्या सहा आठवड्यांत किती? एका घरात पाच बहिणींची माहिती मिळते. नवरा दुसरं लग्न करतो, सासर विसरतं, बहीण विसरत नाही.

खोट एवढीच की मूळच्या पद्धतीने येणारा आकडा दहा-बारा वर्षं जुना असतो. नंतर यात भर घालून ही प्रश्नावली आफ्रिका-आशियातल्या मोठ्या आरोग्य सर्वेक्षणांमध्ये घेतली गेली. त्यांचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम अमेरिकी सरकारच्या पैशावर चालायचा आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती मदत बंद झाली. पैसा आटला की औषधं आधी आटतात असं लोकांना वाटतं. मोजणीही आटते, फक्त तिची बातमी होत नाही.

मृत्यूनंतर घरी येऊन चौकशी करतात, ती कशासाठी?

तिला व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात. शवविच्छेदन होत नाही, तेव्हा शेवटच्या दिवसांची हकिकत घरच्यांकडून ऐकून कारण ठरवायचं. छापील अर्ज असतो, पण अर्जाच्या रकान्यात काही मावत नाही.

एक भेट सांगते. पडवीत सासू बसलेली, नवरा उंबऱ्याशी उभा, बाळ दुसऱ्याच कुणाच्या तरी मांडीवर. अर्जात रकाना: रक्तस्राव किती, मिलिलिटरमध्ये. मी विचारलं, "आजी, अंगावरून किती गेलं?" सासू म्हणाली, "लई गेलं. दोन गोधड्या भिजल्या, तिसरी घातली." पुढचा रकाना: किती वाजता सुरू झालं. "गुरं सोडायच्या टायमाला." गाडी कधी मिळाली? "शेवटची एस्टी गेली व्हती, मग सरपंचाची जीप." वार पडली होती का? यावर दोघं एकमेकांकडे बघायला लागली. शेजारची म्हातारी, जिला कोणी काही विचारलंच नव्हतं, ती म्हणाली, "अर्धीच पडली व्हती. म्या बघितली."

मृत्यूचं कारण त्या एका वाक्यात होतं. वारेचा तुकडा आत राहिला, गर्भपिशवी आवळली नाही, रक्त थांबलं नाही. रकान्यात मी काय लिहिलं ते आता आठवत नाही, गोधड्या आठवतात.

बायका मरतात कशाने?

सगळ्यात वर रक्तस्राव: जगभरच्या मातामृत्यूंपैकी सुमारे २७ टक्के. मग रक्तदाबाचे विकार आणि त्यातून येणारे झटके, सुमारे १६ टक्के. मग जंतुसंसर्ग, असुरक्षित गर्भपात, फुप्फुसात अडकलेली गुठळी. जवळपास चौथा हिस्सा अप्रत्यक्ष कारणांचा असतो: हृदयविकार, मलेरिया, एचआयव्ही, क्षय, तीव्र रक्तक्षय.

भारतात रक्तक्षय सगळ्यालाच चिकटलेला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५२ टक्के गरोदर बायकांचं रक्त कमी निघालं. धडधाकट बाई अर्धा लिटर रक्त गेलं तर पांढरी पडून सावरते, हिमोग्लोबिन सहावर असलेली सावरत नाही.

रक्त वाहतंय हे समोर उभ्या डॉक्टरला दिसत नाही?

दिसतं. किती वाहिलं ते दिसत नाही. या पानावरचा हा मला सगळ्यात जवळचा प्रश्न.

दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त जातं. बाळ आणि वार बाहेर आल्यावर पिशवी मुठीसारखी आवळली, तर नसा दाबल्या जाऊन ते थांबतं. पिशवी सैल राहिली तर दोन तासांतही खेळ संपू शकतो. आणि ते रक्त कुठे जातं? चादरीत, कापसात, टेबलाखालच्या बादलीत, लादीवर, गर्भजलात मिसळून. नजरेने केलेला अंदाज जवळजवळ नेहमी कमीच निघतो. जितकं जास्त वाहिलं, तितका तो जास्त चुकतो.

यावरचा एक साधा उपाय आपल्या शेजारी, बेळगावात तयार झाला. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून एक प्लास्टिकचं कापड केलं. बाळ बाहेर आलं की ते बाईच्या कमरेखाली सरकवायचं, खाली नरसाळ्यासारखी पारदर्शक पिशवी, तिच्यावर मापाच्या रेघा. रक्त पिशवीत जमतं आणि किती जमलं ते सिस्टरला वाचता येतं. त्याच काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बायकांवर गर्भपिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीचा अभ्यास झाला. घरी किंवा उपकेंद्रात एएनएमने, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेने, बाळंतपणानंतर गोळी दिली, तर अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. तो अभ्यास २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नजरेचा अंदाज आणि कापडावरचं माप ताडून पाहिलं, तर नजर सुमारे एक तृतीयांश रक्त चुकवत होती.

पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांवर बायकांचा ई-मोटिव्ह नावाचा अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मापाचं कापड वापरायचं आणि रक्त रेघेला टेकलं की एकामागून एक न करता सगळे उपचार एकदम सुरू करायचे: पोटावरून गर्भपिशवी चोळणं, ती आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाइन, तपासणी, वरिष्ठांना हाक. गंभीर रक्तस्रावाच्या घटना ६० टक्क्यांनी घटल्या. नवं औषध यात एकही नव्हतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सूचनाच बदलल्या: ५०० मिलिलिटरची वाट बघू नका, ३०० झालं आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडला की उपचार सुरू करा.

मृत्यूंच्या मोजणीत आणि रक्ताच्या मोजणीत मला तरी फार फरक वाटत नाही. दोन्हीकडे अंदाजावर भागवलं की आकडा खालीच येतो.

औषधं उपलब्ध आहेत ना?

आहेत, आणि बहुतेक स्वस्त आहेत. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट. २००२ च्या मॅगपाय चाचणीत दहा हजार बायकांमध्ये त्याने झटक्यांचा धोका निम्म्यावर आणला. रक्तस्रावात तीन तासांच्या आत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड दिलं, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे २०१७ मध्ये २१ देशांतल्या वीस हजार बायकांच्या चाचणीत दिसलं. कळा सुरू असताना अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा एकच डोस दिल्याने आईचा जंतुसंसर्ग कमी होतो हे दाखवणाऱ्या २०२३ च्या चाचणीत नागपूर आणि बेळगाव ही दोन्ही केंद्रं होती.

अडचण फ्रिजची आहे. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. विदर्भातला मे महिना आणि दुपारभर गेलेली वीज डोळ्यांपुढे आणा. इंजेक्शन दिलं गेलं अशी नोंद होते, पण औषधात दम उरलेला असतो का? त्याच कामाचं, उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन आता आलं आहे, पण प्रत्येक उपकेंद्रात ते पोचलेलं नाही.

दवाखान्यातली बाळंतपणं एवढी वाढली, मग मृत्यू थांबत का नाहीत?

वाढली हे खरं. २००५-०६ मध्ये देशात ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये ८९ टक्के. जननी सुरक्षा योजना २००५ ची, त्यानंतर १०८ ची गाडी, २०११ पासून सरकारी दवाखान्यात मोफत बाळंतपण. याच काळात एमएमआर २५४ वरून शंभराच्या खाली आला. थोडं यश नाही ते.

पण दवाखान्यात पोचणं आणि उपचार मिळणं यात अंतर आहे. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मांडलेले तीन उशीर आजही प्रत्येक बैठकीत कामाला येतात. पहिला घरातला: जायचं की नाही हे ठरवायला. दुसरा वाटेतला. तिसरा दवाखान्याच्या दारात शिरल्यानंतरचा. आपल्याकडे पहिले दोन आखडत गेले, तिसरा फुगला. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्ह्याला, तिथून मेडिकल कॉलेजला. प्रत्येक ठिकाणी एक चिठ्ठी: 'पुढील उपचारासाठी रवाना'. एका फायलीत अशा चार चिठ्ठ्या पाहिल्या आहेत मी. चारही नीट लिहिलेल्या, सहीशिक्क्यासह. रक्ताची पिशवी मात्र चौथ्या ठिकाणी लागली. त्या ठिकाणांची नावं इथे सांगून उपयोग नाही. भूलतज्ज्ञ आणि रक्त नसलेल्या कुठल्याही तालुक्यात हेच घडतं.

मग कोणी करून दाखवलं आहे का?

स्वीडनने, आणि तेही प्रतिजैविकांच्या आधी. तिथे १७४९ पासून चर्चच्या दप्तरांवरून मृत्यूंची राष्ट्रीय गोळाबेरीज होत होती. बायका मरताहेत हे आकड्यात दिसलं, म्हणून गावोगाव प्रशिक्षित सुईणी नेमल्या, पुढे त्यांना हात निर्जंतुक करायला शिकवलं. लाखामागे नऊशेच्या घरातला आकडा १९०० च्या सुमारास २३० वर आला होता. हात धुण्याचा धडा व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ मध्येच दिला होता. डॉक्टरांनी त्याला वेड्यात काढलं, सुईणींनी ऐकलं.

आपल्याला जवळचं उदाहरण श्रीलंकेचं. १९३० च्या दशकात तिथे लाखामागे दोन हजारांच्या आसपास मृत्यू होते. श्रीमंत होण्याची वाट न बघता त्यांनी काही हजार लोकवस्तीमागे एक सुईण नेमली, तिला नाव, हद्द आणि वही दिली, वर रुग्णालयांची साखळी बांधली. दर सहा ते बारा वर्षांनी आकडा निम्मा होत गेला. आज तो ३० च्या खाली आहे. तिथे मातामृत्यू कळवणं बंधनकारक आहे आणि प्रत्येकाची चौकशी होते.

पूर्वी आपल्याकडे किती जायच्या?

नीट नोंद नाही, पण भुतं आहेत. कोकणात अळवंतीण म्हणतात, इतरत्र हडळ: बाळंतपणात किंवा गरोदर असताना मेलेल्या बाईचं भूत. ज्या मरणाच्या भुताला स्वतंत्र नाव लागतं, ते मरण गावात नेहमीचंच असणार. राजवाडेही सुटले नव्हते. मुमताज महल १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात गेली, तीही आपल्या जळगावपासून फार लांब नसलेल्या बुऱ्हाणपुरात.

चौकशी म्हणजे डॉक्टरवर कारवाई, बरोबर?

चूक. आणि या एका गैरसमजाने जितकी माहिती दाबली जाते तितकी दुसऱ्या कशानेही नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते. बाईचं, डॉक्टरचं, रुग्णालयाचं नाव काढून टाकून तज्ज्ञ फाइल वाचतात आणि काय टाळता आलं असतं ते लिहितात. केरळात २००४ पासून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राज्य संघटनेने हेच सुरू केलं. केरळचा एमएमआर २०१८-२० मध्ये १९ होता, देशात सर्वांत कमी. तो केवळ चौकशीमुळे खाली आला असं मी म्हणणार नाही. शिक्षण, रस्ते, दवाखाने सगळं तिथे आधीच होतं. पण शेवटचे वीस-तीस मृत्यू कमी करायला फायलीच वाचाव्या लागतात.

भारत सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात: नाव नको, दोष नको. रुग्णालयात एक आढावा, समाजात एक, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत घरच्यांनाही बोलावून ऐकायचं. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारतं, "जबाबदार कोण?" आणि समोरच्या सिस्टरचा चेहरा उतरतो. पुढच्या वेळी त्या केंद्रातून मृत्यूच येत नाही. येते ती 'रवाना' चिठ्ठी.

महाराष्ट्र आणि गोवा कुठे आहेत?

महाराष्ट्र २०१८-२० मध्ये ३३, केरळानंतर दुसरा. त्याच काळात आसाम १९५. पुढच्या, २०१९-२१ च्या गटात महाराष्ट्र ३८ वर गेला तेव्हा बरीच ओरड झाली. आकडा इतका खाली आला की पाच-दहा मृत्यूंनीही हलतो, हे ध्यानात घ्यावं. आणि ३८ ही राज्याची सरासरी. पुणे आणि नंदुरबारमधलं धडगाव एका सरासरीत बसवले की धडगाव दिसेनासं होतं.

तिथल्या नर्मदाकाठच्या पाड्यांना बोटीतून दवाखाना जातो, कारण रस्ता नाही. आदिवासी भागांत काही आरोग्य केंद्रांशेजारी माहेरघर बांधलं आहे: दिवस भरत आले की बाईने आधीच येऊन राहायचं. नाव अचूक निवडलंय. चालतं मात्र तिथेच, जिथे जेवण मिळतं आणि मागची मुलं सोबत ठेवता येतात.

गोव्याचा वेगळा आकडा नमुना नोंदणीत मिळणार नाही. तिथे जन्मच इतके थोडे की गुणोत्तर काढून अर्थ नाही. अशा ठिकाणी एकेक मृत्यू वाचायचा असतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, याने मोजणीत घोळ होतो का?

होतो. नोंदणी सासरच्या आशाताईकडे, सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून बाई माहेरी. सासरची म्हणते, "ती आता इथे नाही." माहेरची म्हणते, "ती माझ्या यादीत नाही." मधल्या तीन महिन्यांत रक्तदाब कोणी बघितला? कार्ड ट्रंकेत राहिलेलं असतं. माहेरी निघताना माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत सगळ्यात वर ठेवावं आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या आशाताईला दाखवावं.

अमेरिकेत मातामृत्यू वाढले म्हणतात, ते खरं?

थोडं खरं, थोडं कागदाचं. २००३ पासून तिथल्या मृत्युदाखल्यावर 'मृत व्यक्ती गरोदर होती का' असा चौकोन आला. राज्यांनी तो एकेक करत २०१७ पर्यंत स्वीकारला. सुटलेले मृत्यू सापडले, पण पंच्याऐंशी वर्षांच्या आजीबाईंच्या दाखल्यावरही खुणा झाल्या. गोंधळ इतका की २००७ नंतर २०१८ सालापर्यंतचा राष्ट्रीय दरच जाहीर झाला नाही. २०२१ मध्ये कोविडमुळे तो ३२.९ झाला, २०२३ मध्ये १८.६. त्याच २०२३ मध्ये कृष्णवर्णीय बायकांमधला दर लाखामागे ५०.३ होता आणि तो कुठल्या चौकोनाने समजावता येत नाही.

२०३० पर्यंत जगाचा एमएमआर ७० च्या खाली येईल का?

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत तसं ठरलं आहे. १९७ वरून ७० वर सात वर्षांत यायचं, तर दरवर्षी १५ टक्क्यांच्या आसपास घट हवी. आत्ताचा वेग त्याच्या जवळपासही नाही. येणार नाही असं माझं मत. भारत मात्र पोचू शकतो.

घरात गरोदर बाई आहे. कशावर लक्ष ठेवायचं?

डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, छातीखाली पोटात कळ: लगेच रक्तदाब तपासा, 'पित्त असेल' म्हणू नका. गरोदरपणात अंगावरून थोडं जरी रक्त गेलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली, ताप आला, धाप लागली, की त्याच दिवशी दाखवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते. बाळंतपणानंतर तासाभरात पॅड भिजलं, घाणेरडा वास आला, पोटरी एकाच पायाची सुजून दुखली, तर सव्वा महिना पुरा व्हायची वाट बघू नका. दवाखान्यात निदान ४८ तास राहा. घरी डिंकाचे लाडू थांबतील.

असा मृत्यू झाला तर कळवायचं कुणाला?

आशाताईला किंवा एएनएमला, २४ तासांच्या आत. १५ ते ४९ वयाच्या बाईचा कुठलाही मृत्यू आशाताईने कळवायचा असतो. ती गरोदर होती का हे पुढे तपासतात. पहिली खबर दिल्याचे तिला २०० रुपये मिळतात. त्यावरून तिला टोमणे मारणारे लोक मी पाहिले आहेत. मारू नका, ती बातमी घेऊन चालत जाणं सोपं नसतं.

आणि कागद जपून ठेवा. सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, चिठ्ठ्या, गाडी बोलावल्याचा फोन ज्या मोबाइलवरून केला तो मोबाइल. तेराव्यानंतर आम्ही गेलो की पुष्कळदा कळतं, तिच्या कपड्यांबरोबर फाइलही जाळून टाकली.